पिक्सेल एलईडी: चिप, डेटा आणि वीज यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिरजेच्या विसर्जन मार्गावरच्या स्वागत कमानी, तासगावचा रथोत्सव, मिरासाहेब दर्ग्याचा उरूस, साताऱ्यात राजवाडा ते पोवई नाका दिवाळीतली झगमग. आपल्याकडे रोषणाईला वर्षभर मागणी आहे आणि त्यातलं बरंच काम आता पिक्सेल एलईडीवर आलं आहे. काम वाढलं, करणारी पोरंही वाढली. मात्र पट्टी विकत घेताना बहुतेक जण रंग, मीटर आणि भाव एवढंच विचारतात. आत कोणती चिप आहे, ती किती व्होल्टची आहे आणि कोणत्या पद्धतीने डेटा घेते, हे आधी ठरवलं तर पुढची निम्मी डोकेदुखी उरतच नाही. मंडळांचे कार्यकर्ते, डेकोरेशनवाले आणि आयटीआयची मुलं जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

साधी आरजीबी पट्टी आणि पिक्सेल पट्टी यांत फरक काय?

साध्या आरजीबी पट्टीला चार वायरी असतात: एक प्लस आणि लाल, हिरवा, निळा यांच्या तीन. लाल चालू केला की अख्खी पट्टी लाल होते. पिक्सेल पट्टीत प्रत्येक एलईडीला, किंवा तीन-तीन एलईडींच्या गटाला, स्वतःची एक छोटी ड्रायव्हर चिप असते. म्हणून वायरी प्लस, मायनस आणि डेटा अशा तीनच असल्या तरी प्रत्येक ठिपक्याला हवा तो रंग देता येतो.

डेटा पंगतीत वाढल्यासारखा पुढे जातो. कंट्रोलर सगळ्या पिक्सेलांचे रंग ओळीने पाठवतो. पहिली चिप पहिले २४ बिट (तीन रंगांचे आठ-आठ) स्वतःसाठी ठेवते आणि बाकीचं पुढच्या चिपला देते. दुसरी तिचे २४ ठेवते, उरलेलं तिसरीला. कोणत्याही पिक्सेलला कायमचा पत्ता नसतो, ओळीतली जागा हाच त्याचा पत्ता. पट्टी मधून कापून पुन्हा जोडली तरी चालते ते यामुळेच. आणि मधला एक पिक्सेल मेला की पुढची सगळी पंगत उपाशी राहते तेही यामुळेच.

डब्ल्यूएस २८११ आणि डब्ल्यूएस २८१२बी, यांत घ्यायचं काय?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दोन्ही चिप वर्ल्डसेमी या चिनी कंपनीच्या आहेत आणि दोन्हींची डेटाची भाषा जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो रचनेत.

२८११ ही सुटी चिप आहे. ती पट्टीवर एलईडीच्या शेजारी वेगळी, काळी, आठ पायांची दिसते. १२ व्होल्टच्या पट्टीत एक चिप तीन एलईडी चालवते. मीटरला ६० एलईडी असतील तर चिपा २० आणि पिक्सेलही २०च. कंट्रोलरमध्ये ६० टाकलेत तर प्रोग्राम पट्टीच्या टोकापलीकडे धावत राहतो आणि पट्टीवर तिसरा हिस्साच दिसतो. फ्लेक्सला किंवा एसीपी शीटला १२ मिलिमीटरची भोकं पाडून आपण जे बुलेट, म्हणजे गोळीसारखे सुटे पिक्सेल, बसवतो, त्यांच्या पोटातही बहुधा हीच २८११ जातीची चिप असते. ते बुलेट मात्र बहुतेक वेळा ५ व्होल्टचे आणि ५० नगांच्या माळेत मिळतात.

२८१२बी मध्ये चिप एलईडीच्या आतच बसवलेली असते. ५ मिलिमीटर चौकोनी पांढरी डबी, चार पाय, ५ व्होल्ट. प्रत्येक एलईडी स्वतंत्र पिक्सेल असल्यामुळे अक्षरं, चेहरे, बारीक नक्षी यांना ही उत्तम.

माझं मत विचाराल तर कमानीच्या कडा, खांब, मंडपाची किनार अशा लांबलचक रेषांना १२ व्होल्टची २८११ पट्टी घ्या. बारा-पंधरा फुटांवरून पाहणाऱ्याला तीन एलईडींचा एक ठिपका मुळीच खटकत नाही. मखर, प्रभावळ, जवळून दिसणारं नाव यांना २८१२बी. सगळीकडे २८१२बी लावायची हौस असेल तर ५ व्होल्टच्या जाड केबलींचा खर्च आधी मांडून पाहा.

१२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी एकत्र का बांधतात? एकेक का नाही?

निळ्या आणि हिरव्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लालला २ च्या आसपास. तीन निळे सिरीजमध्ये जोडले की ९ ते साडेनऊ व्होल्ट वापरले जातात आणि थोडेच वाया जातात. १२ व्होल्टवर एकच एलईडी चालवला तर उरलेले ९ व्होल्ट रेझिस्टरमध्ये किंवा चिपमध्ये उष्णता होऊन जातात. १२ व्होल्टचे काही बुलेट हाताला चटका देतात त्याचं कारण हे. १२ व्होल्ट हवेत आणि प्रत्येक एलईडी स्वतंत्रही हवा, असं असेल तर डब्ल्यूएस २८१५ किंवा जीएस ८२०८ जातीच्या पट्ट्या पाहा.

एकाच वायरीतून डेटा जातो म्हणजे नक्की काय होतं?

इथे घड्याळाची वेगळी वायर नसते, त्यामुळे वेळ हीच भाषा. २८१२बी साठी एका बिटची लांबी १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला ८ लाख बिट. वायर ०.४ मायक्रोसेकंद वर राहून ०.८५ खाली गेली तर तो शून्य. ०.८ वर आणि ०.४५ खाली गेली तर तो एक. दीडशे नॅनोसेकंदांची ढिलाई चालते, त्याहून जास्त नाही. २८११ला ४०० किलोबिटची संथ चालही आहे. त्यात एका बिटची लांबी दुप्पट होते.

सगळा डेटा गेला की वायर काही काळ खाली ठेवायची. तो विराम दिसला की सर्व चिपा एकदम नवा रंग दाखवतात. जुन्या २८१२बी ला ५० मायक्रोसेकंदांचा विराम पुरायचा. नव्या उत्पादनांना २८० च्या वर लागतो. जुना कंट्रोलर आणि नवी पट्टी अशी जोडी जमली आणि रंग विचित्र थरथरू लागले, तर आधी या विरामावर संशय घ्या. सॉफ्टवेअर अपडेट केल्याने ही तक्रार बहुतेक वेळा जाते.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावीशी वाटते. प्रत्येक चिप पुढे डेटा देताना तो नव्याने, ताज्या कडांसह घडवून देते. म्हणून पिक्सेल ते पिक्सेल अंतर थोडं असेल तर शंभर मीटरच्या माळेतही डेटा खराब होत नाही. खरा धोका कंट्रोलर ते पहिला पिक्सेल या तुकड्यात आणि मध्ये सोडलेल्या लांब मोकळ्या वायरींमध्ये असतो.

मग कंट्रोलर रस्त्याच्या एका बाजूला आणि कमान दुसऱ्या बाजूला असेल तर?

तीन-चार मीटरपर्यंत साधी वायर चालते. त्यापुढे आरएस-४८५ पद्धतीची जोडी वापरा: कंट्रोलरपाशी पाठवणारी चिप, पहिल्या पिक्सेलपाशी घेणारी चिप आणि मध्ये नेटवर्क केबलमधली एक पिळलेली जोडी. सोबत मायनसही न्यावा लागतो. चिप घेताना वेग पाहा. मॅक्स ४८५ चा २.५ मेगाबिटचा वेग या कामाला पुरतो. दिसायला तशीच असलेली मॅक्स ४८३ फक्त २५० किलोबिटची आहे, तिच्यातून हा डेटा धड बाहेर पडत नाही.

एका डेटा लाइनवर जास्तीत जास्त किती पिक्सेल लावावेत?

हिशेब सरळ आहे. २४ बिट गुणिले १.२५ म्हणजे एका पिक्सेलला ३० मायक्रोसेकंद. हजार पिक्सेलांना ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला साधारण ३३ चित्रं. हे डोळ्याला गुळगुळीत वाटतं. २०४८ पिक्सेल एकाच लाइनवर टाकले तर एका चित्राला ६१ मिलिसेकंद लागतात आणि सेकंदाला जेमतेम १६ चित्रं उरतात. रंग हळू बदलणाऱ्या आराशीला तेही चालेल. धावत्या घोड्याचा किंवा फडकत्या भगव्याचा प्रोग्राम असेल तर अडखळणं दिसतं.

म्हणून पिक्सेल वाढले की लाइन लांबवण्याऐवजी पोर्ट, म्हणजे कंट्रोलरमधून डेटा बाहेर पडण्याच्या वाटा, वाढवा. आठ पोर्टांवर प्रत्येकी १०२४ लावले तर ८१९२ पिक्सेल होतात, पण सगळे पोर्ट एकाच वेळी बोलत असल्यामुळे वेळ हजार पिक्सेलांएवढाच लागतो. पांढरा वेगळा असलेल्या आरजीबीडब्ल्यू पट्टीत, उदाहरणार्थ एसके ६८१२ च्या त्या प्रकारात, एका पिक्सेलला ३२ बिट म्हणजे ४० मायक्रोसेकंद लागतात. तिथे संख्या त्या मानाने कमी धरा.

कंट्रोलर म्हणून ईएसपी ३२ हा छोटा वायफाय बोर्ड लावला तर पहिले काही पिक्सेल फडफडतात. पट्टी खराब आहे का?

बहुधा नाही. ५ व्होल्टच्या २८१२बी ला ‘एक’ ओळखायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी ३२ देतो ३.३. टेबलावर चालतं आणि मंडपात फडफडतं ते या काठावरच्या फरकामुळे. ७४एएचसीटी१२५ किंवा ७४एचसीटी२४५ ही चिप मध्ये टाका. तिला ५ व्होल्ट द्या, आत ३.३ चा डेटा, बाहेर ५ चा. नावात ‘टी’ असलेलीच घ्या, कारण तीच कमी व्होल्टचा सिग्नल ओळखते. सेन्सरसाठी मिळणारे छोटे दुतर्फी लेव्हल शिफ्टर या वेगाला संथ पडतात.

डेटा वायरीत २२० ते ४७० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या सुरुवातीला प्लस-मायनसवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. दोन्ही स्वस्त आहेत, दोन्ही लावा. आणि जोडताना आधी मायनस, मग बाकीचं. मायनस नसताना डेटा लागला तर पहिली चिप जाण्याचा धोका असतो.

एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे ५ किंवा १२ व्होल्ट करून देणारा नग, किती अँपिअरचा घ्यायचा?

५ व्होल्टच्या बुलेटला किंवा २८१२बी ला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरा. नव्या चिपा यापेक्षा कमी घेतात, पण हिशेब याच आकड्याने करा. समजा कमानीवर १५०० बुलेट आहेत. १५०० गुणिले ०.०६ म्हणजे ९० अँपिअर, म्हणजे ४५० वॉट. एसएमपीएस पूर्ण क्षमतेवर रात्रभर चालवू नये. ८० टक्के धरले तर ६० अँपिअरच्या नगातून ४८ मिळतात. दोन नग लावले की ९६, काम भागतं. २३० व्होल्टच्या बाजूला हा सगळा भार थोड्याच अँपिअरचा असतो, त्यामुळे तात्पुरत्या जोडणीवर त्याचा फारसा ताण नाही. ताण येतो तो ५ व्होल्टच्या बाजूच्या वायरींवर, आणि तिकडेच कोणी पाहत नाही.

१२ व्होल्टच्या ६० एलईडी मीटर पट्टीला मीटरमागे १.२ अँपिअर धरा. ३३ अँपिअरच्या एका एसएमपीएसवर वीस-बावीस मीटर निर्धास्त चालतात.

दोन एसएमपीएस असतील तर दोघांचे मायनस एकत्र जोडायचे, प्लस कधीही एकत्र जोडायचे नाहीत. जिथे एकाची हद्द संपते तिथे पट्टीचा प्लस कापा, मायनस आणि डेटा तसेच पुढे जाऊ द्या. सर्वांत जास्त माळा याच एका नियमाच्या अज्ञानाने बिघडतात, म्हणून हे ठळक अक्षरात लिहून एसएमपीएसच्या पेटीवर चिकटवलं तरी चालेल.

आणखी एक: पत्र्याच्या अनेक एसएमपीएसच्या बाजूला ११०/२२० ची छोटी कळ असते. वीज देण्याआधी ती २२० वर आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ११० वर राहिली तर नग त्याच क्षणी जातो.

माळेच्या शेवटी पांढरा रंग पिवळट, मग लालसर का होतो?

व्होल्ट पडतात म्हणून. निळ्या-हिरव्याला ३ च्या आसपास व्होल्ट लागतात आणि लालला २, हे वर आलंच आहे. पुरवठा घटत गेला की आधी निळा मंदावतो, मग हिरवा. लाल सर्वांत शेवटपर्यंत तग धरतो. टोकाला लाली दिसली की समजावं, तिथपर्यंत वीजच पुरेशी पोहोचत नाही. चिप बदलून काही होणार नाही.

आकड्यात पाहू. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.००७५ ओहम रोध असतो. ५ मीटरवर १० अँपिअर न्यायचे, तर जाणं-येणं मिळून १० मीटर वायर. पडतात ०.७५ व्होल्ट. ५ पैकी पाऊण म्हणजे १५ टक्के गेले. तेवढेच ५० वॉट १२ व्होल्टवर नेले तर करंट ४.२ अँपिअर आणि घट ०.३ व्होल्टच्या आसपास, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत. लांब कामाला १२ व्होल्ट घ्या असं मी म्हणतो त्यामागे एवढाच हिशेब आहे.

उपाय म्हणजे जागोजागी वीज देणं. ५ व्होल्टच्या बुलेटना दर ५० नगांना, १२ व्होल्टच्या पट्टीला दर ५ मीटरला मुख्य केबलवरून प्लस-मायनसची नवी जोडी द्या. काही जण एसएमपीएसचा स्क्रू फिरवून व्होल्ट चढवतात. ५ व्होल्टच्या चिपला ५.३ च्या वर नेऊ नका. टोकाचे पिक्सेल उजळतील, पण सुरुवातीचे जातील.

एक पिक्सेल गेला आणि पुढचं सगळं बंद. शोधायचं कसं?

चालणाऱ्यांतला शेवटचा आणि न चालणाऱ्यांतला पहिला, दोष या दोघांपैकी एकात असतो. शेवटच्याने डेटा पुढे दिला नाही किंवा पहिल्याने घेतला नाही. कमानीवर शिडी लावून चढलाच आहात तर दोन्ही बदला. आधी जॉइंट मात्र हलवून पाहा. भाद्रपदातल्या पावसात सोल्डरिंगला ओल लागून पडलेली फट हे कारण मेलेल्या चिपपेक्षा जास्त वेळा सापडतं.

हा त्रासच नको असेल तर दुसरी डेटा वायर असलेल्या चिपा घ्या. ५ व्होल्टमध्ये डब्ल्यूएस २८१३, १२ व्होल्टमध्ये २८१५. त्यांत प्रत्येक चिप आपल्या मागच्याच्याही मागच्या पिक्सेलचा डेटा बॅकअप वायरीवर ऐकत असते. मधला एक मेला तरी पुढची माळ चालू राहते. सलग दोन गेले तर मात्र थांबते. अगदी पहिल्या पिक्सेलची बॅकअप वायर मायनसला जोडायची, मोकळी सोडायची नाही. मिरजेतल्या मोठ्या कमानीसारख्या कामात, जिथे ऐन मिरवणुकीत वर चढणं शक्य नसतं, तिथे हा जादा खर्च पूर्ण वसूल होतो.

डेटा आणि क्लॉक अशा दोन वायरींच्या पट्ट्या कशासाठी?

एपीए १०२ आणि तिच्यासारखीच एसके ९८२२ यांत घड्याळाची वायर वेगळी असते. त्यामुळे वेळेची कडक शिस्त लागत नाही, डेटा संथ द्या की कितीतरी मेगाहर्ट्झने द्या. प्रत्येक पिक्सेलला ३२ बिट: तीन ठरावीक, पाच एकंदर उजेडाचे आणि आठ-आठ निळ्या, हिरव्या, लालचे. पाच बिटांमुळे अगदी मंद उजेडातही छटा नीट उतरतात. शिवाय एपीए १०२ मध्ये रंगाची उघडझाप सेकंदाला वीस हजारांच्या घरात असते. फिरत्या चक्रावर चित्र उमटवायचं असेल किंवा चित्रीकरणाचं काम असेल तर हीच घ्यावी. सणाच्या कमानीला एवढं लागत नाही आणि एक वायर वाढल्याने जॉइंटही वाढतात. जुन्या डब्ल्यूएस २८०१ माळाही याच घराण्यातल्या, २४ बिटांच्या.

मोबाईलच्या व्हिडिओत काळे पट्टे येतात. आमचे रील वाया जातात!

चिप रंगाची छटा दाखवण्यासाठी एलईडी भराभर चालू-बंद करते. २८११ आणि जुन्या २८१२बी मध्ये हे सेकंदाला ४०० च्या आसपास होतं. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. नव्या २८१२बी आणि २८१३, २८१५ मध्ये हा वेग २००० आहे, पट्टे बरेच कमी होतात. हातातली पट्टी जुनीच असेल तर मोबाईलचा शटर वेग हाताने कमी करा, १/५० किंवा १/१०० ठेवा. शिवाय पट्टी पूर्ण उजेडावर असताना एलईडी जवळजवळ सतत चालू असतो, तेव्हा पट्टे कमी येतात.

डीएमएक्स, आर्टनेट, एसएसीएन ही नावं ऐकतो. आमच्या कामाला यांची गरज आहे का?

मंडळाच्या कमानीला नाही. इमारत, पूल, मंदिराचं शिखर यांवर कायमची रोषणाई करायची असेल तर आहे.

डीएमएक्स ५१२ हे दिवे चालवण्याचं मानक अमेरिकेतल्या रंगमंच तंत्रज्ञांच्या यूएसआयटीटी या संस्थेने १९८६ मध्ये आणलं. आरएस-४८५ ची दोन वायरींची लाइन, सेकंदाला अडीच लाख बिट, एका लाइनवर ५१२ चॅनेल. या ५१२ च्या गठ्ठ्याला युनिव्हर्स म्हणतात. आरजीबी पिक्सेलला तीन चॅनेल लागतात, म्हणून एका युनिव्हर्समध्ये १७० पिक्सेल. आरजीबीडब्ल्यू असतील तर १२८. पूर्ण युनिव्हर्स सेकंदाला साधारण ४४ वेळा पाठवता येतं. लाइनच्या शेवटी १२० ओहमचा रेझिस्टर विसरू नका.

यूसीएस ५१२ जातीच्या चिपा ही भाषा थेट समजतात. यात सगळे पिक्सेल एकाच समांतर लाइनवर असतात आणि प्रत्येकाचा पत्ता आधी वेगळ्या वायरीने लिहून ठेवावा लागतो. हे काम किचकट आहे, पण त्याचं फळ मोठं: एक पिक्सेल मेला तर तो एकटाच बंद पडतो. चौथ्या मजल्याच्या भिंतीवर, दरवर्षी पाऊस खाणाऱ्या जागी हे फार मोलाचं.

आर्टनेट आणि एसएसीएन म्हणजे हेच चॅनेल नेटवर्क केबलवरून पाठवण्याच्या रीती. आर्टनेट ब्रिटनच्या आर्टिस्टिक लायसन्स या कंपनीची, १९९८ पासूनची. ती नेटवर्कच्या यूडीपी या पद्धतीतल्या ६४५४ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. एसएसीएन म्हणजे ई१.३१ हे मानक, पोर्ट ५५६८. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून अनेक कंट्रोलर एकदम चालवायचे असतील तर यांपैकी एक निवडा. वायफायवर भरवसा ठेवू नका. मिरवणुकीच्या गर्दीत हजारो मोबाईल हवेत असतात, तिथे केबलच टाका.

मेमरी कार्डवाला टी-१००० बरा की ईएसपी ३२?

प्रोग्राम एकदा बसवून रोज संध्याकाळी नुसतं बटण दाबायचं असेल तर टी-१००० सारखा कार्डवाला. त्याचे प्रोग्राम बनवण्याच्या लेड एडिट या सॉफ्टवेअरमध्ये चिप निवडताना चूक करू नका, कारण फाइलमध्ये त्या चिपची चाल कोरली जाते. चुकीच्या चिपसाठी बनवलेली फाइल रंगांचा नुसता कचरा दाखवते. मोबाईलवरून आयत्या वेळी रंग, वेग, उजेड बदलायचा असेल तर ईएसपी ३२ वर डब्ल्यूएलईडी हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात करंटची मर्यादा घालता येते. एसएमपीएस लहान असेल तर सॉफ्टवेअर आपोआप उजेड आवरतं. आरतीला शांत, मिरवणुकीला जोरात, असं हवं असलेल्या मंडळांना हाच सोयीचा.

लाल सांगितला तर हिरवा लागतो.

रंगांचा क्रम बदला, बाकी काही नाही. २८११ बहुधा लाल-हिरवा-निळा, २८१२बी हिरवा-लाल-निळा, एपीए १०२ निळा-हिरवा-लाल असा डेटा घेते.

दुकानदार म्हणतो ‘सगळ्या सारख्याच असतात’. खरं आहे का?

अर्धं. यूसीएस १९०३, टीएम १८०४, एसएम १६७०३ यांची चाल २८११ च्या इतकी जवळची आहे की त्याच सेटिंगवर बहुधा चालून जातात. पण टीएम १८१४ चा सिग्नल उलटा असतो आणि रंगांच्या आधी तिला करंटची मर्यादा पाठवावी लागते. २८११ च्या सेटिंगवर ती दाद देणार नाही. टीएम १८०९ एका चिपमध्ये तीन पिक्सेल सांभाळते. यूसीएस ८९०३ प्रत्येक रंगाला १६ बिट मागते. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणा की गावातल्या दुकानातून, रीळच्या वेष्टनावरचं चिपचं नाव मोबाईलमध्ये टिपून ठेवा आणि एका कामाला एकाच लॉटचा माल घ्या. पट्टीवर बाण छापलेला असतो, डेटा त्याच दिशेने जातो. वायरींच्या रंगावर विश्वास ठेवू नका, छापलेली अक्षरं वाचा.

पी-१० बोर्डही पिक्सेलच ना?

नाही. पी-१० पॅनेलमध्ये ३२ गुणिले १६ एलईडी १० मिलिमीटर अंतरावर असतात आणि त्यांच्या ओळी आळीपाळीने पेटवल्या जातात. त्याचं कार्ड वेगळं, केबल वेगळी. पिक्सेलचा कंट्रोलर त्याला चालत नाही.

पावसात काय काळजी घ्यायची?

आयपी ६७ (पाणी-धुळीपासून संरक्षणाची खूण) लिहिलेलं असतं ते पट्टीसाठी, तुमच्या जॉइंटसाठी नाही. प्रत्येक जॉइंटवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवा आणि कापलेल्या टोकाला सिलिकॉन भरून बंद करा. एसएमपीएस जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर, वरून झाकलेल्या पण खालून हवा खेळणाऱ्या पेटीत ठेवा. कृष्णाकाठच्या मंडळांनी तर ही उंची आणखी वाढवावी.

५ आणि १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून पोरं निर्धास्त असतात, पण २३० व्होल्ट त्याच पेटीत आलेले असतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारं स्विच, लावल्याशिवाय रोषणाई चालू करू नका. लोखंडी कमान आणि एसएमपीएसचं अंग दोन्ही अर्थिंगला जोडा आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. महावितरणची रीतसर तात्पुरती जोडणी घ्या, आकडा टाकू नका. कमानीखालून लहान मुलं जातात, ओल्या पायांनी, लोखंडाला हात लावत. ट्रॉलीवर जनरेटर असेल तर तो सुरू करून स्थिर होऊ द्या, मग एसएमपीएस चालू करा.

सण संपल्यावर माळा कशा ठेवाव्यात?

चिखल ओल्या फडक्याने पुसून, सावलीत दोन दिवस वाळवून. पट्टी कोनात दुमडू नका, रिळावर सैल गुंडाळा. घडी पडलेल्या जागी तांब्याचा पातळ पत्रा तुटतो. प्रत्येक गुंडाळीला चिपचं नाव, व्होल्ट, पिक्सेलांची संख्या आणि रंगांचा क्रम लिहिलेली चिठ्ठी बांधा, आणि ज्या माळेत बदललेले पिक्सेल आहेत ती वेगळी ठेवा.